विचारलं सासूला, दुखत होतं मला

आधीच सांगते, हे वाचून कुणाला बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. माझ्या आजारपणाबद्दल लोकांनी मला आजवर दोनच गोष्टी ऐकवल्या. एक, देवाची कृपा म्हणून वाचलीस. दुसरी, झालं गेलं विसरून जा. देवाने कृपा केली असेल तर भारी उशिरा केली, आणि विसरायला ती काय चुलीवर ठेवलेली आमटी आहे? माझं पहिलं मूल गेलं. मी मरता मरता राहिले. आणि हे सगळं टळण्यासारखं होतं. ज्यांना दिवस गेले आहेत त्या बायकांनी हे वाचावं. जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवावं, आणि सासू शेजारी बसलेली असेल तर जरा मोठ्याने.

माझं माहेर चाकणकडचं, सासर थेरगावचं. मी सातवी पास होते न होते तेवढ्यात आई गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सासरी शेती, दोन बैल, सासूबाई आणि माझे मालक. मालक पिंपरीला नव्याने निघालेल्या औषधांच्या कारखान्यात लागले होते. हाकेच्या अंतरावर देशभर औषधं पाठवणारा कारखाना, आणि आमच्या घरी डोकं दुखलं तर कपाळावर सुंठ. त्याबद्दल मी मालकांना पुष्कळ बोलले आहे, इथे पुन्हा बोलत नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडे तसंच म्हणतात. बाई कामाला वाघ. पाच बाळंतपणं घरातल्या घरात झाली आणि एकाही वेळी शेजाऱ्यांना आवाज गेला नाही, ही त्यांची मोठी मिरवायची गोष्ट. गावातही तसाच मान होता. जी बाळंतीण ओठ मिटून राहिली ती खानदानी. जी ओरडली तिचं नाव विहिरीवर आठ दिवस.

अंग धरलंय

सातव्या महिन्यात माझे पाय सुजायला लागले. मग हात, मग चेहरा. सकाळी उठले की पापण्या उघडत नसत. सगळी आळी खूश. "पोरीनं अंग धरलंय," असं येणारी जाणारी म्हणायची. ओटी भरायच्या दिवशी कासार हिरव्या बांगड्या घेऊन आला, तर माझ्या हातात त्याचं सगळ्यात मोठं मापही जाईना. हाताला साबण लावून त्याने त्या कशाबशा चढवल्या आणि बायका हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. मला खारं खावंसं वाटायचं, म्हणून आत्याबाई प्रेमाने रोज सांडगे तळायच्या. वर लोणचं. प्रेमाने केलं हे मी नाकारत नाही, पण खाणारीच्या अंगात मीठ जायचं ते गेलंच.

आठव्या महिन्यात डोकं दुखू लागलं. साधं नाही. कुणी कवटीत पाचर ठोकतंय असं. भाकरी थापताना परातीत चमकणारे ठिपके दिसायचे, आणि बरगडीखाली उजवीकडे कळ यायची. मी एकदा आत्याबाईंना म्हटलं, "डोकं लई दुखतंय." त्या म्हणाल्या, "पोटुशीचं दुखतंयच. बोलून काय कमी हुतंय?"

पुन्हा म्हटलं नाही.

शाळेच्या ओट्यावर

त्या दिवसांत पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टर खांबेटेबाई आमच्या भागात यायच्या. चष्मा, पांढरं सुती लुगडं, ताठ मान. गरोदर बायकांना अंगावर सूज का येते, झटके का येतात आणि बाळंतकळा औषधाने कमी करता येतील का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावात याचा अर्थ एवढाच लागला होता की बाई दंडाला रबरी पट्टा बांधतात आणि फुगवतात. शाळेच्या ओट्यावर त्या बसायच्या, आणि समोर बायकांची रांग. मालकांनी कारखान्यात ऐकलं आणि मला जायलाच लावलं. अर्थात आत्याबाई बरोबर आल्या. पोटुशी सून एकटी जाते होय?

बाईंनी पट्टा फुगवला, पारा बघितला, पुन्हा फुगवला. त्यांचा चेहरा बदलला. माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती नासलेल्या दुधासारखी फुटली. मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारायला लागल्या.

पण कुणाकडे बघून? आत्याबाईंकडे. मी खाली मान घालून बसले होते, पदर कपाळापर्यंत. आमच्याकडे मोठं माणूस बरोबर असलं की सून परक्याशी बोलत नाही, मोठं माणूस बोलतं. बाईंना ते ठाऊक होतं. उत्तर लवकर मिळतं म्हणून त्यांनीही तीच सोय करून घेतली होती.

"हिचं डोकं दुखतं का?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात? अंधारी येते?"

"न्हाई वो बाई. चांगली हाय की. कामबी करतीया."

"पोटात वर, बरगडीखाली कळ?"

"आमच्या घरात कुणाला काय दुखत न्हाई."

मी शेजारी बसले होते. माझ्या डोक्यात तेव्हाही पाचर ठोकणं चालू होतं. समोर बाईंचा चष्मा मला दोन-दोन दिसत होता. आणि मी गप्प बसले.

रक्तदाब फार आहे, मीठ बंद करा, हिला झोपवून ठेवा, पुढच्या आठवड्यात दाखवा, असं बाईंनी बजावलं. डोकं दुखत असतं तर आत्ता माझ्याबरोबर मोटारीत घालून नेली असती, असंही म्हणाल्या. ते शब्द मी कानांनी ऐकले. मोटार वडाखाली उभी होती. आत्याबाईंनी मला हाताला धरून उठवलं, आणि वाटेत म्हणाल्या, "हास्पिटलात गेलेली बाय चालत येती व्हय घरला?" त्यांची धाकटी बहीण तिथेच गेली होती, हे मला पुढे कळलं. म्हणजे ते सगळं नुसत्या अहंकारापोटी नव्हतं. पण भीतीपोटी असलं तरी खोटं ते खोटंच.

आकडी

पुढच्या आठवड्याची वाट आजाराने पाहिली नाही. मी चुलीपाशी होते आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं एवढं आठवतं. बाकीचं ऐकीव आहे. मला आकडी आली, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला आणि फेसाबरोबर रक्त, कारण जीभ दातांत सापडली होती. घरात जे करतात ते केलं. नाकाला कांदा लावला, मग चप्पल. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, देवऋषी बोलवा. देवऋषी येऊन अंगारा लावेपर्यंत दुसरी आकडी आली. कुणीतरी कारखान्याकडे धावलं, मालक कामाच्या कपड्यांत तसेच आले आणि कारखान्याच्या मालमोटारीत मला घालून पुण्याला नेलं. मी कुणाचे आभार मानत असेन तर त्या मोटारीच्या ड्रायव्हरचे. त्याने देवऋषीला ढकलून दिलं होतं म्हणे.

जागी झाले ती काळोखात. आकडीच्या बायकांची खोली वेगळी असते. खिडक्यांना काळे पडदे, दार हळू लावायचं, बोलायचं कुजबुजत, कारण उजेडाने आणि आवाजानेही पुन्हा झटका येतो. खाटेला दोन्ही बाजूंनी फळ्या. मला वाटलं मला पेटीत घालून पुरलं आहे. पडदा बाजूला केला तरी काही दिसत नव्हतं. नजर गेली होती. ती दोन-तीन दिवसांत परत येईल, असं सिस्टरने सांगितलं, आणि खरंच आली. पण ते दोन-तीन दिवस मी आंधळी होते, आणि आंधळेपणी मी पोटावरून हात फिरवला. पोट सपाट होतं.

मुलगा होता. आत्याबाईंनीच सांगितलं. सिस्टरने आधी सांगायला हवं होतं, मालकांनी सांगायला हवं होतं, पण मालक व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगा व्हता. न्हाई ऱ्हायला." मग माझ्या पायाशी बसून राहिल्या. मला त्यांना लाथ मारावीशी वाटली. पाय उचलत नव्हता म्हणून मारली नाही.

मोठ्या वॉर्डात हलवल्यावर दिवस एका साच्याचे झाले. पहाटे अंग पुसणं, मग पट्टा, मग नळीतली लघवी, अळणी भात, अळणी वरण, पुन्हा पट्टा. शेजारच्या खाटेवर मोशीची एक बाई होती. तिने मला एकदा पदराआडून लिंबाची फोड दिली. अळण्या भातावर ती पिळली आणि मला रडू आलं. त्या जागेत माझ्याशी कुणी चांगलं वागलं असेल तर ती. जिभेला टाके होते, म्हणून तिचे आभारसुद्धा मानता आले नाहीत.

आणि अशात एक दिवस खांबेटेबाई शिकणारी पोरं घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या.

"बाळंतपणात, आणि नंतर, हिला वेदना किती झाल्या? थोड्या, बऱ्याच, का असह्य?"

माझी जीभ सुजून तोंडभर झाली होती. बाईंनी पुन्हा आत्याबाईंकडे पाहिलं. आणि आत्याबाई, नातू मातीत घालून आलेल्या आत्याबाई, म्हणाल्या, "न्हाई. काय दुखलं न्हाई तिला."

मी हात हलवला. घशातून आवाज काढला. सिस्टर म्हणाली, "पडून राहा." बाई पोरांकडे वळल्या आणि समजावून सांगू लागल्या, की खेड्यातल्या कष्टाळू बायकांना कळा कमी जाणवतात असं माझ्या पाहण्यात सारखं येतं, घरोघर विचारलं तरी हेच उत्तर मिळतं. कळांवरचं इंजेक्शन आपल्याकडे थोडंच येतं, तर ते ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ठेवावं. पोरं माना डोलवत होती.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. शिकलेली बाई, गावोगाव धूळ खात फिरणारी, बायकांसाठी स्वतःचं लग्न राहून गेलेली. तिचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणी मला तिचा चष्मा फोडावासा वाटला, आणि ते वाटणं आजही गेलेलं नाही.

दुसऱ्या वेळी

घरी आल्यावर मी आत्याबाईंशी कामापुरतं बोलायचे. पुढे पुन्हा दिवस गेले. मालकांचा चेहरा आनंदाने नाही, भीतीने उतरला, आणि ते मला बरं वाटलं. मी मीठ सोडलं. सांडगे तळायला घेतले की मी उठून अंगणात जायचे. सातव्या महिन्यात पुन्हा बोटं सुजली आणि पुन्हा पाचर ठोकायला सुरुवात झाली. मी मालकांना सांगून तडक हॉस्पिटल गाठलं. आत्याबाई मागोमाग आल्याच.

तोच पट्टा, तीच नळी, तोच प्रश्न.

"हिचं डोकं दुखतं का?"

"न्हा..." आत्याबाईंनी सुरुवात केली.

"दुखतंय!" मी म्हणाले. पदर मागे टाकला. "लई दुखतंय. काजवंबी दिसत्यात. आन् बाई, मागल्या टायमालाबी दुखत व्हतं. शाळंच्या वट्यावर दुखत व्हतं, हितं खाटंवरबी दुखत व्हतं. तुमी मला इचारलंच न्हाई. तुमी यांना इचारलं."

बाई चिडल्या. चुकीवर बोट ठेवलं की शिकलेलं माणूसही चिडतं. "तुला तोंड नव्हतं का तेव्हा?"

मी तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. कडेचा तुकडा गेलेला आहे, वण आडवा आहे. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. माझी क्षमा मागितली नाही, मीही ती मागण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी तिथल्या तिथे मला खाट दिली आणि सांगितलं, बाळंत होईपर्यंत इथून हलायचं नाही. एवढंही सांगितलं, की तुझ्या बाबतीत कळा वाढल्या की रक्तदाब चढणार, चढला की आकडी येणार, म्हणून इंजेक्शन द्यावंच लागेल. ते मी माझ्या हाताने देईन.

आत्याबाई परतताना म्हणाल्या, "चारचौघांत माझी अब्रू घालीवलीस."

"तुमी माझा पोरगा घालीवला," मी म्हणाले. मी असं बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

कळा

कळा सुरू झाल्या तेव्हा खांबेटेबाई ऑपरेशनच्या खोलीत होत्या. दुसऱ्या एका बाईचं पोट फाडायचं होतं, त्यांना बाहेर येता येत नव्हतं. माझ्यापाशी जुनीच सिस्टर होती. कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. पाचर सुरू झाली होती. मी ओळखत होते हे काय आहे. चुलीपाशी पडले त्या दिवशीही असंच पांढरं झालं होतं.

"सुई द्या," मी म्हणाले.

"बाईंच्या हुकमाशिवाय नाही देता येत. आणि तुम्हा लोकांना ती लागत नाही."

"लागती! डोकं फुटतंय माझं!"

"ओरडू नकोस. पहिल्या वेळी मीच होते इथं. तुझ्या सासूनंच सांगितलं होतं, काही दुखत नाही म्हणून. बाईंनी वॉर्डाला तसंच सांगून ठेवलंय."

बघा आता. ओट्यावर म्हटलेलं ते 'न्हाई' इथे नियम होऊन माझ्या उशाशी उभं होतं. बाईंनी माझी जीभ पाहिली, मला शब्द दिला, पण वॉर्डाला सांगितलेलं मागे घ्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मी किंचाळले. पोटातलं मूल आणि मी, दोघंही पुन्हा त्याच वाटेने चाललो होतो आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

पडद्याच्या पलीकडे, बाळंतपणासाठी पुन्हा आलेल्या आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. पडदा सरकला, त्या आत आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझा ओठ एका बाजूला ओढू लागला होता. तो ओढलेला ओठ त्यांनी चुलीपाशी पाहिलेला होता.

"दे गं तिला सुई," त्या सिस्टरला म्हणाल्या.

"डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय..."

आत्याबाई वळल्या आणि निघाल्या. पायांत वहाणा तशाच. मग लांबून, ऑपरेशनच्या खोलीच्या बाजूने, असा आवाज आला की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. बाळंतपणात तोंडातून चकार शब्द न काढलेल्या बाईचा तो आवाज होता. त्या दार बडवत होत्या.

"बाई! ओ बाई! म्या खोटं बोलले व्हते! दुखतंय तिला! पयल्यापास्नं दुखत व्हतं! मलाबी दुखलं व्हतं, पाचीच्या पाची येळंला दुखलं व्हतं, त्वांडात पदर कोंबला व्हता म्या! सुई द्या तिला! माझी सून मराया लागली!"

कुणीतरी त्यांना आवरत होतं. त्या आवरत नव्हत्या. दाराआडून खांबेटेबाईंचा आवाज आला, "द्या तिला. आत्ता द्या." सिस्टर धावली. सुई टोचली. पांढरं हळूहळू विरत गेलं, पाचर ढिली झाली, आणि आकडी आली नाही.

मुलगी झाली. लहानशी, काळीसावळी, फुप्फुसं मात्र दणकट.

नंतर बाई हातमोजे काढत आल्या. सिस्टरला सगळ्यांदेखत सांगितलं, यापुढे बाईला स्वतःला विचारायचं, बरोबरच्या माणसाला बाहेर बसवून, आणि एकदा विचारून नाही म्हणाली तर पुन्हा विचारायचं. मग आत्याबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुखलं होतं ते कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणी इचारलं व्हतं?" आत्याबाई म्हणाल्या, आणि वहाणा काढून बाहेर ठेवायला गेल्या.

मी आत्याबाईंना माफ केलेलं नाही. मुलगा गेला तो गेला. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलते, भांडते, आणि त्याही आता कंबर दुखली की दुखली म्हणतात, दिवसातून दहादा म्हणतात, कान किटले माझे. घरी निघताना मुलीला पदरात घेऊन त्यांनी मला हळूच बजावलं होतं, "म्या तिथं वरडले, ते थेरगावात कुणाला सांगू नगंस हां."

मी विहिरीवर सांगितलं, दळायला गेले तिथे सांगितलं, आणि आता इथे लिहून ठेवलं.